चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे... आणि सातबारा?

मंडळी, आज नगरपालिका नाही, पाणी नाही, खड्डे नाहीत. आज एका टीव्ही मालिकेबद्दल लिहायचंय. हसू नका. शेवटपर्यंत वाचा, मग बोला.

परवा भोरला एका लग्नात जेवायला बसलो होतो. शेजारच्या टेबलावर पाच-सहा बायका, वयं पन्नास ते सत्तर. एक मार्गासनीची, दोघी पसुऱ्याकडच्या, एक आंबवड्याची. एकमेकींची ओळख नाही. आधी पाऊस झाला, मग गुडघे झाले, मग विषय संपला. तेवढ्यात एकीनं नव्या नवरीच्या सासूकडे बघून म्हटलं, "बाई अगदी आशा देशमुख दिसतेय." आणि टेबल पेटलं. पुढचा अर्धा तास त्या बायका सख्ख्या बहिणींसारख्या बोलत होत्या. सासू बरोबर का सून बरोबर, कोण किती खोटं वागलं, कुणाला माफ करायला नको होतं. मालिका बंद पडून बारा-तेरा वर्षं झालीत, पण निकाल अजून लागलेला नाही.

मालिका अर्थातच 'चार दिवस सासूचे'. ई टीव्ही मराठीवर २००१ च्या अखेरीस सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीत संपली. अकरा वर्षं, तीन हजारांहून जास्त भाग. रोहिणी हट्टंगडी सासू, म्हणजे आशा देशमुख. कविता लाड सून, अनुराधा. ज्या बाईनं रिचर्ड ॲटनबरोच्या 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा केली, तिला आपल्याकडच्या कित्येक घरांत 'अनूची सासू' म्हणूनच ओळखत होते. ते चॅनेलही आता त्या नावानं राहिलं नाही, २०१५ मध्ये त्याचं कलर्स मराठी झालं.

आपल्या भागाचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपण काय लिहितो? तोरणा, राजगड, रायरेश्वर. मग पंतसचिवांचं संस्थान, राजवाडा, १९४८ चं विलीनीकरण. मग भाटघर, पानशेत, नीरा देवघर, गुंजवणी. गड आणि धरणं. मीही तेच लिहीत आलो. पण तिन्हीसांजेला घरात काय चाललं होतं, बायका कशावर बोलत होत्या, हा इतिहास कुणी लिहीत नाही. तो थोडासा लिहून बघतो.

१९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी त्याचं प्रक्षेपण पुण्याला मिळायला लागलं. मनोरा उभा राहिला सिंहगडावर. राजगडावरून आजही तो स्वच्छ दिसतो. पण मनोरा दिसणं वेगळं आणि चित्र दिसणं वेगळं. आपलं गाव कुठल्या डोंगराच्या आड आहे, यावर सगळं अवलंबून. लांब बांबूला ॲन्टेना बांधायचा, एक जण कौलांवर, एक जण दारात, एक जण टीव्हीपुढे. "आलं का?" "आलं... गेलं... अरे हलवू नको!" चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना हा संवाद पाठ असेल. १९८७ मध्ये 'रामायण' लागलं तेव्हा आमच्या आळीत एकच टीव्ही होता. आम्ही पोरं पुढे जमिनीवर, म्हातारी माणसं खाटेवर, आणि बायका दाराच्या चौकटीत उभ्या. बायका बसल्याचं मला आठवत नाही. त्यांचं अर्धं लक्ष चुलीकडे.

बायका टीव्हीपुढे *बसायला* लागल्या त्या पुढे, घरात स्वतःचा टीव्ही आणि रोजच्या मालिका आल्यावर. भोर शहरात केबल होती. पण हिरडस मावळात, कानंद-गुंजण मावळात वाडी-वस्तीपर्यंत केबल ओढणार कोण? तिथं चित्र बदललं ते छत्र्यांनी. २००३ ला डिश टीव्ही आलं, २००६ ला टाटा स्काय. ज्या वाडीला एसटी दिवसातून एकदा जायची, तिथं पत्र्यावर छत्री दिसायला लागली.

आता मुद्दा असा की हीच मालिका एवढी का भिनली? माझं उत्तर सरळ आहे. भोर आणि वेल्हे (आता राजगड तालुका) हे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या पैशावर चाललेले तालुके. भात एकच पीक, बाकी डोंगर. गडी माणूस गिरणीत, गोदीत, माथाडीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी मुंबई सुटली नाही. घरी कोण? सासू आणि सून. मनीऑर्डर सासूच्या हातात. दाण्याची कणगी, दुधाचे पैसे, सुनेला माहेरी धाडायचं का नाही, सगळं सासू ठरवणार. पुरुष गणपतीला आणि शिमग्याला यायचा पाहुण्यासारखा. म्हणजे जी गोष्ट टीव्हीवर बंगल्यात आणि जरीच्या साड्यांत चालली होती, ती इथं मातीच्या भिंतींत आधीपासून चालू होती. घर कुणाच्या शब्दावर चालणार? प्रश्न तोच.

स्वतःच्या सासूबद्दल चावडीवर बोलता येत नाही. आशा देशमुखबद्दल बोलता येतं. पाण्यावर, शेतात, एसटीत, बचत गटाच्या बैठकीत. "ती आशा कशी वागली बघ काल," असं सून म्हणायची, आणि कुणाबद्दल बोलतेय ते सगळ्यांना कळायचं. सासवाही कमी नव्हत्या. "सुनेनं डोक्यावर बसायचं ठरवलं तर आशानं काय करावं मग?" समोरासमोर न भांडता दोन्ही बाजू मांडायची ती सोय होती.

त्यात भारनियमन. २००५ नंतरची ती वर्षं आठवा. गावाकडे दहा-बारा तास लाईट नाही. गंमत म्हणजे भाटघरला १६ मेगावॅटचं वीज केंद्र आपल्याच उशाला, आणि धरणाकाठची गावं काळोखात. मी तेव्हा नवा वार्ताहर. पत्रकारितेची पदविका घेऊन आलेलो, डोक्यात मोठमोठ्या बातम्या. पण माझी सगळ्यात जास्त वाचली गेलेली 'बातमी' म्हणजे भारनियमनाचं वेळापत्रक. बायका ते कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवायच्या. एकदा वेळ चुकीची छापून आली, तर बाजारात एका काकूंनी मला गाठून झापलं, "तुमच्यापायी माझा भाग बुडाला." आपल्या गावाला लाईट नसली की ज्या गावाचा फीडर वेगळा, तिथल्या नातेवाईकाकडे संध्याकाळी बायका 'सहज' जाऊन बसायच्या.

मी काय केलं? मी याच बायकांची टिंगल करणारं एक स्फुट लिहिलं. सासू-सुनांच्या मालिकांनी बायका कशा बिघडल्या, घरात भांडणं कशी वाढली वगैरे. लोकांनी वाहवा केली. लोकांनी म्हणजे पुरुषांनी.

माझी आत्या वेल्ह्याकडे दिलेली. तिनं ते वाचलं, आणि पुढच्या भेटीत मला एवढंच म्हणाली, "तू बघितली का रे एकदा तरी?" मी नव्हती बघितली. ती या मालिकेची पक्की भक्त. स्वतः सासू झालेली, पण बाजू कायम सुनेची घ्यायची.

आता जे लिहितोय ते घरातलं आहे, पण लिहिलं पाहिजे. २००४ पासून पुढे पुण्याची माणसं आपल्याकडे जमिनी बघत फिरायला लागली. धरणाचं पाणी दिसणारी जागा हवी, फार्महाऊस करायचंय. आमचीही आजोबांची वडिलोपार्जित जमीन होती, पाण्याच्या अंगाला. विकायचं ठरलं. आत्याची सही लागणार होती.

इथं थोडा कायदा सांगतो. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका जन्मसिद्ध हिस्सा दिला. पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. म्हणजे आत्यासारख्या हजारो जणी बाहेर. मग केंद्राची दुरुस्ती झाली, ९ सप्टेंबर २००५ पासून. त्यात लग्नाची अट नाही. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की २००५ मध्ये वडील हयात असले-नसले तरी मुलीचा हा हक्क राहतो. त्याही आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' चालवली होती, सातबारावर बायकोचं नाव लावा म्हणून. म्हणजे कायदा नव्हता, चळवळ नव्हती, असं नाही.

पण कायदा तालुक्यात पोचता पोचता त्याचं एक कागदपत्र होतं. त्याचं नाव हक्कसोडपत्र. २००७ साली आत्या भोरला आली. सोबत पेढे घेऊन आली. कचेरीत सही केली, अंगठ्याचा ठसा दिला, फोटो काढला. तिला कुणी दमदाटी केली नाही. कुणी विचारलंही नाही. भावाकडे हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे तिला सांगावं लागत नव्हतं. तिला एक साडी घेतली. परत जाताना तिची एकच घाई होती, एसटी वेळेत मिळाली पाहिजे, संध्याकाळी मालिका आहे.

जी बाई अनुराधाच्या हक्कासाठी रोज घरात वाद घालायची, तिनं स्वतःचा हक्क पाच मिनिटांत सोडला. आणि मी तिथं होतो. साक्षीदार म्हणून सही माझीच आहे. त्या पैशातून आमच्या घराचा स्लॅब पडला. आज ही पोस्ट मी त्याच स्लॅबखाली बसून लिहितोय.

मग मालिकांनी काय केलं? काहीच नाही? इतकं सोपं नाही. जगात यावर बराच विचार झालाय. मेक्सिकोत मिगेल साबिदो नावाच्या माणसानं १९७५ च्या सुमारास प्रौढ साक्षरतेसाठी, मग कुटुंबनियोजनासाठी मालिका काढल्या. तेच डोक्यात ठेवून आपल्याकडे १९८४ मध्ये 'हम लोग' आलं. शेवटी अशोक कुमार येऊन चार शब्द सांगायचे. लाखो पत्रं आली. पण अभ्यासकांना असंही दिसलं, की मालिका ज्या सोसण्याविरुद्ध बोलत होती, ती सोसणारी भागवंतीच बऱ्याच प्रेक्षकांना आदर्श वाटली. उलट २००९ मध्ये रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या भारतीय गावांत केबल पोचली, तिथं नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे असं मानणाऱ्या बायका कमी झाल्या आणि मुलगाच हवा हा हट्टही कमी झाला, असं त्यांना आढळलं. आणि त्या मालिका काही समाजप्रबोधनासाठी काढलेल्या नव्हत्या, साध्या सासू-सुनांच्याच होत्या.

मला वाटतं, आपल्या दोन तालुक्यांत दोन्ही घडलं. मालिकेनं बायकांना बोलायला विषय दिला, बसायला अर्धा तास दिला. "माझा भाग आहे, आता उठणार नाही," हे वाक्य आमच्या आईच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा याच मालिकेपायी ऐकलं. तोपर्यंत घरात तिची अशी स्वतःची वेळ नव्हती. हे थोडं नाही. पण घर कुणाच्या शब्दावर चालणार याचा वाद सासू-सुनेत रंगत राहिला, आणि घर ज्याच्या नावावर तो मुंबईत किंवा पारावर निवांत होता. त्या म्हणीतच बघा ना. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. दिवस दोघींचे. जमिनीचं नाव म्हणीत कुठंच नाही.

आत्याला मागच्या वर्षी विचारलं, तेव्हा सही केलीस त्याचं वाईट वाटतं का गं? ती म्हणाली, "तुझ्या बापानं विचारलं असतं तर वाईट वाटलं नसतं." मग जरा वेळानं, "आता माझ्या पोरीचं नाव लावलंय मी. नवऱ्याशी भांडून." मी म्हटलं, हे कुठं शिकलीस? तर हसली नुसती.

तिच्या हिश्शाचं काय करायचं हे मी आणि माझ्या भावानं आता ठरवतोय. ठरलं की इथंच लिहीन. नाही लिहिलं तर मला विचारा, कमेंटमध्ये, चारचौघांत.

आणि तुम्ही सांगा. तुमच्या घरी 'चार दिवस सासूचे' कोण बघायचं, कुणाच्या घरी जाऊन बघायचं, कुणाची बाजू घ्यायचं? ताई-माईंनो, खास तुम्ही लिहा. बाप्यांनो, तुम्हीही लिहा. पण त्याआधी एक काम करा. घरातला सातबारा काढा आणि त्यावर बायकांची नावं किती आहेत ते मोजा. भोर-वेल्ह्यात किती घरांत ती आहेत, मला खरंच बघायचंय.