वायूच्या तरंगत्या टाक्या

दगडी कोळसा हवाबंद भट्टीत तापवला की त्यातून ज्वलनशील वायू निघतो. विल्यम मर्डॉक याने १७९२ मध्ये कॉर्नवॉलमधील रेडरुथ येथे या वायूवर आपल्या घरात दिवे लावले. पुढे १८१२ मध्ये लंडनच्या गॅस लाइट अँड कोक कंपनीला सनद मिळाली आणि १८१३ च्या अखेरीस वेस्टमिन्स्टर पूल गॅसच्या दिव्यांनी उजळला. शहराला वायू पुरवताना मुख्य अडचण वेळेची होती. भट्ट्या रात्रंदिवस धगधगत ठेवाव्या लागत. वायूचा खप मात्र दिवेलागणीनंतर एकदम वाढे. दिवसभराचा वायू संध्याकाळपर्यंत राखून ठेवण्यासाठी गॅसहोल्डर, म्हणजे वायुटाक्या उभ्या राहिल्या.

आधी जमिनीत मोठा गोल हौद खणून विटांनी किंवा दगडांनी बांधून काढत. पाणी झिरपू नये म्हणून भिंतीमागे कुटलेल्या चिकणमातीचा थर देत आणि खोदाई वाचावी म्हणून मधोमध मातीचा उंचवटा तसाच ठेवत. या हौदातल्या पाण्यात लोखंडी पत्र्याचा, तळ नसलेला टोप पालथा सोडलेला असे. पाण्याच्या वर तोंड काढलेल्या नळीतून वायू आत आला की टोप वर उचलला जाई. वायू खर्च झाला की खाली बसे. टोपाची कड कायम पाण्यात बुडालेली असल्याने वायू निसटत नसे.

वायू पुढे ढकलण्याचे काम टोपाचे वजनच करी. ३० मीटर व्यासाच्या टोपाचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस मीटर भरते. असा टोप ७० टनांचा असेल, तर आतल्या वायूवर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भार पडतो. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम शंभरावा हिस्सा असतो, पण रस्त्याखालच्या नळांतून वायू घरोघरी पोहोचवायला तेवढा पुरे. टोप अर्धा भरलेला असो वा पूर्ण, वजन तेच राही. म्हणून दाबही जवळपास सारखा राही आणि दिव्यांच्या ज्योती फडफडत नसत.

सुरुवातीला लोकांना स्फोटाची मोठी धास्ती होती. सर जोसेफ बँक्स यांच्या नेतृत्वाखाली रॉयल सोसायटीची समिती पाहणीला आली, तेव्हा कंपनीचा अभियंता सॅम्युएल क्लेग याने टोपाला भोक पाडून तिथे ज्योत धरली, अशी हकीकत सांगतात. आत निव्वळ वायू होता, हवा नव्हती; त्यामुळे वायू फक्त भोकाच्या तोंडाशी जळत राहिला.

मागणी वाढली तशी एकात एक बसणाऱ्या कड्यांची टाकी निघाली. आतल्या कड्याच्या खालच्या काठाला वर वळवलेली पन्हळ असे. कडे वर येताना ती पाण्याने भरून येई आणि बाहेरच्या कड्याचा खाली वळवलेला काठ तिच्यात अडके. पन्हळीतल्या पाण्यानेच सांधा बंद होई. कडाक्याच्या थंडीत ते गोठू नये म्हणून वाफ सोडावी लागे. वाऱ्याने टाकी कलू नये यासाठी भोवती खांबांचा सांगाडा उभारत. टाकीची चाके त्याच्या आधाराने वरखाली धावत. १८९० मध्ये विल्यम गॅड याच्या आराखड्याची पहिली टाकी नॉर्थविच येथे उभी राहिली. ती तिरक्या रुळांवर गोल फिरत वर चढे, त्यामुळे उंच सांगाड्याची गरज उरली नाही.

लंडनच्या ओव्हल मैदानामागचा सांगाडा क्रिकेटरसिकांच्या ओळखीचा आहे. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या भारतीय संघाने इंग्लंडमधील पहिली कसोटी मालिका याच मैदानावर जिंकली. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्ये आले. लालबागच्या गॅस कंपनी लेनच्या नावात त्या उद्योगाची आठवण टिकून आहे.

१९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि ब्रिटनमधील कोळशाच्या भट्ट्या विझू लागल्या. नवा वायू मोठ्या दाबाने वाहिन्यांतून येई आणि वाहिन्यांमध्येच साठवता येई. टाक्या निकामी ठरल्या. बऱ्याच पाडल्या गेल्या. लंडनच्या किंग्ज क्रॉस येथील तीन सांगाड्यांत घरे झाली, तर व्हिएन्नातील १८९९ च्या चार टाक्यांत घरे आणि दुकाने आली.

तत्त्व मात्र आजही वापरात आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने प्रसार केलेल्या गोबर गॅस संयंत्रात शेणकाल्यावर तरंगणारी लोखंडी टाकी असते. वायू भरला की ती वर येते आणि आपल्या वजनाने तो स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत पोहोचवते.