दीर्घिकासमूहांचे वस्तुमान आणि गुरुत्वीय भिंग : एका मापनाचा इतिहास

प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. ज्या दीर्घिकासमूहात मोजकेच सदस्य असतात, त्याचे वस्तुमान कसे ठरवावयाचे? आपली आकाशगंगा, देवयानी दीर्घिका आणि त्यांच्या भोवतीच्या लहान दीर्घिका मिळून असाच एक स्थानिक समूह होतो. विश्वातील पुष्कळशा दीर्घिका अशाच समूहांत आढळतात. तरीही शेकडो-हजारो सदस्यांच्या गुच्छांचा अभ्यास आधी झाला व समूह मागे राहिले. याचे कारण मापनपद्धतीत होते.

१९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा गुच्छातील दीर्घिकांच्या वेगांचा विचार केला. ते वेग इतके मोठे होते की, केवळ दृश्य द्रव्याच्या आकर्षणाने गुच्छ एकत्र राहिलाच नसता. त्यावरून झ्विकींनी अदृश्य द्रव्याचे अनुमान केले. मात्र या गणिताच्या मुळाशी गुच्छ संतुलित अवस्थेत आहे, हे गृहीतक होते. १९५० च्या दशकात सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ व्हिक्टर अंबार्त्सुमियन यांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. अदृश्य द्रव्य कशासाठी मानावयाचे? या रचना विघटित होत आहेत असे का म्हणू नये? १९६१ मध्ये सांता बार्बरा येथे याच प्रश्नावर परिषद भरली. विघटन खरे असेल तर दीर्घिकांच्या वयाच्या मानाने फारच थोड्या काळात समूह विखुरले जावयास हवे होते, हा प्रतिपक्षाचा आक्षेप वजनदार होता. पण वेगांच्या आधारे वाद मिटणे कठीण होते. कारण वेगांचा अर्थ काय लावावयाचा, हाच तर वाद होता.

लहान समूहांत आणखी एक अडचण होती. एदुआर स्तेफान यांनी १८७७ मध्ये नोंदविलेल्या प्रसिद्ध पंचकातील एका दीर्घिकेचा वेग सेकंदाला सुमारे ८०० किलोमीटर आहे, तर उरलेल्या चौघींचा ५,७०० ते ६,७०० किलोमीटर आहे. जेफ्री आणि मार्गारेट बर्बिज यांनी १९६१ मध्ये ही विसंगती पुढे आणली. आज ती दीर्घिका केवळ आपल्या दृष्टिरेषेत आलेली, पुष्कळ जवळची मानली जाते. पाचांतील एक सदस्य ठेवावा की वगळावा, यावर जिथे उत्तर पूर्णपणे पालटते, तिथे वेगांवरून काढलेल्या वस्तुमानावर विश्वास तरी किती ठेवावयाचा?

संतुलनाचे गृहीतक न मागणारी दुसरी वाट कागदावर केव्हाच उपलब्ध होती. वस्तुमानाजवळून जाणारा प्रकाश वाकतो. ते वस्तुमान स्थिर आहे की विखुरत आहे, याच्याशी त्या वाकण्याला कर्तव्य नसते. रुडी मांडल नावाच्या अभियंत्याच्या आग्रहावरून आइन्स्टाइन यांनी १९३६ मध्ये ताऱ्याच्या भिंगसदृश परिणामावर छोटे टिपण प्रसिद्ध केले, पण हा परिणाम प्रत्यक्ष दिसण्याची आशा त्यांना नव्हती. पुढच्याच वर्षी झ्विकींनी दाखविले की, ताऱ्याऐवजी दीर्घिका घेतली तर आशा पुष्कळ वाढते आणि वस्तुमानही थेट मोजता येईल. या सूचनेला निरीक्षणाचे बळ मिळावयास बेचाळीस वर्षे लागली. १९७९ मध्ये वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा आढळल्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुच्छांतील प्रकाशाचे महाकाय कंस दिसले. १९९० मध्ये टायसन आणि सहकाऱ्यांनी गुच्छांमागील असंख्य अंधूक दीर्घिकांच्या आकारांतील किंचितशी, पण सुसंगत विकृती मोजली.

समूहांपुढे मात्र हे साधनही तोकडे पडले. समूहामुळे होणारी विकृती इतकी अल्प असते की, पार्श्वभूमीवरील दीर्घिकांच्या स्वाभाविक आकारवैचित्र्यात ती हरवून जाते. यावर तोडगा निघाला तो संख्याशास्त्रातून. हूकस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एका कॅनेडियन ताम्रसृती-सर्वेक्षणातील ५० समूह जणू एकमेकांवर ठेवून त्यांचा सरासरी संकेत मिळविला. त्यावरून समूहातील वेगांचा सरासरी विस्तार सेकंदाला सुमारे २७४ किलोमीटर निघाला. त्रुटी मोठी होती, तरी तो प्रत्यक्ष वेगांवरून काढलेल्या अंदाजाशी जुळला. माझ्या मते या जुळणीचे ऐतिहासिक मोल त्या आकड्याहून अधिक आहे. समूह सर्रास विखुरत असते तर दोन स्वतंत्र मार्गांची उत्तरे अशी एकत्र आली नसती.

अर्थात हे उत्तर ‘सरासरी’ समूहाचे आहे, आणि तसा समूह आकाशात कोठेही नाही. यादीत आभासी समूह शिरले किंवा केंद्र चुकीचे धरले गेले, तर संकेत क्षीण होतो. म्हणून २०१० मध्ये लिओटो आणि सहकाऱ्यांनी तप्त वायूच्या क्ष-किरणांवरून ओळखलेले समूह निवडले. एकेकट्या समूहाकडे नेणारी वाट ठळक कंसांची. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत कार्यरत झालेल्या अनुप्रीता मोरे यांच्या नेतृत्वाखालील २०१२ च्या शोधनिबंधात सुमारे १५० चौरस अंश आकाशातील १२७ संभाव्य भिंगांची यादी आहे. त्यांपैकी अनेक भिंगे दीर्घिका व गुच्छ यांच्या मधल्या वस्तुमानाची आहेत. त्यांतील प्रतिमांच्या अंतरांचा मेळ लावण्यासाठी मध्यवर्ती दीर्घिका आणि तिच्या भोवतीचे कृष्णद्रव्य हे दोन्ही घटक स्वतंत्रपणे धरावे लागले. ते कृष्णद्रव्य केंद्राकडे ओढले जाऊन अधिक दाट होते काय, हा प्रश्न मात्र त्या सामग्रीतून सुटला नाही.