अंथरूण, पाय आणि विमानाची खुर्ची

लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला पाय पसरावयास किती जागा मिळावी, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असें म्हणून आपल्या वाडवडिलांनीं तो एका वाक्यांत निकालांत काढला. परंतु तें अंथरूण कोणीं आणि कोणत्या मापानें कापलें, हें त्या म्हणींत कोठेंच सांगितलेलें नाहीं. जुहू, सांताक्रूझ आणि सहार ह्या आपल्या उपनगरांतल्या तळांवरून गेल्या नव्वदांहून अधिक वर्षांत जीं विमानें उडालीं, त्यांतील खुर्च्यांकडे पाहिलें तर ह्या मापाची कथा पुष्कळशी उलगडते.

विमानें येण्यापूर्वीं हाच प्रश्न मुंबईच्या बंदरावर उभा राहिला होता. येथून जेद्द्याला जाणाऱ्या हाजच्या आगबोटींवर माणसें इतक्या दाटीनें भरलीं जात कीं, अखेर १८९५ सालीं यात्रेकरूंच्या जहाजांसाठीं स्वतंत्र कायदा झाला व उतारूच्या वांट्याला येणारी जागा कायद्याच्या कक्षेंत आली. आगगाडीची हकीकत गांधीजींनीं १९१७ सालीं लिहून ठेवली आहे. मुंबईहून मद्रासला जातांना त्यांचा तिसऱ्या वर्गाचा डबा २२ उतारूंसाठीं होता, आणि एके वेळीं त्यांत ३५ जण होते. बोट असो वा गाडी, माणसाला लागणारी जागा ही तेव्हां आरोग्याची व न्यायाची बाब म्हणून बोलली गेली, हें येथें लक्षांत ठेवावें.

जुहूच्या तळाची सुरुवात १९२८ सालची. पावसाळ्यांत तो चिखलपाण्यानें निकामी होई, आणि टाटांचीं विमानें तेवढ्यापुरतीं पुण्याला न्यावीं लागत. ह्याच तळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें आपलें 'पस मॉथ' घेऊन उतरले. विमानांत सुमारें ५५ पौंड टपाल होतें, आणि पायांची अडचण झाली असलीच तर ती एकट्या वैमानिकाची. पुढील वर्षीं, म्हणजे १९३३ त, त्या सेवेनें साऱ्या वर्षांत १५५ उतारू नेले व टपाल दहा टनांहून अधिक नेलें. पत्रें हा खरा माल होता. उतारू टपालाच्या सोबतीनें जाई.

नंतर आला ८ जून १९४८ चा मंगळवार. एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचें विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनीव्हा हीं ठिकाणें घेत लंडनला गेलें. भाडें होतें १७२० रुपये. शाळामास्तरानें वर्षभर पोटाला चिमटा घेतला असता तरी ही रक्कम त्याच्या हातीं उरली नसती. ह्याच जातीच्या विमानांत दाटी करावयाची म्हटलें तर साठांवर खुर्च्या बसत. मलबार प्रिन्सेसमधील मंडळी ऐसपैस बसलीं, त्याचें श्रेय त्या १७२० रुपयांना दिलें पाहिजे.

स्वस्त तिकीट पुढें आलें तें अटलांटिक महासागरावर. १९५२ च्या मे महिन्यांत 'टूरिस्ट' वर्ग निघाला आणि १९५८ च्या एप्रिलांत 'इकॉनॉमी' हा शब्द रूढ झाला. आयाटा ही विमानकंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना. तिनें ह्या नव्या वर्गाला काय द्यावयाचें, हेंही ठरवून दिलें: खुर्च्यांमध्यें ३४ इंचांचें अंतर, आणि जेवण म्हणून साधें सँडविच. सँडविच किती साधें असावें ह्यावरून कंपन्यांमध्यें जी हमरीतुमरी झाली, तिला पुढें 'सँडविचयुद्ध' हें नांव पडलें. शहाण्यासुरत्या माणसांनीं पावावरच्या लोण्यासाठीं किती भांडावें ह्याला कांहीं सुमार असावा! असो. ३४ इंचांची ती मोजणी मात्र नीट समजून घेतली पाहिजे. एका खुर्चीवरच्या एका बिंदूपासून पुढल्या खुर्चीवरच्या त्याच बिंदूपर्यंतचें हें अंतर. विमानवाले त्याला 'पिच' म्हणतात. त्यांत खुर्चीच्या पाठीची जाडीही आली. तेव्हां गुडघ्यापुढें मोकळी जागा उरते ती ह्याहून पुष्कळच कमी.

एअर इंडियानें १९६० सालीं बोइंग ७०७ आणलें व १४ मे १९६० पासून न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. १९७१ त 'एम्परर अशोक' हें तिचें पहिलें जंबो सांताक्रूझला उतरलें, आणि १९८१ त सहारचें नवें आंतरराष्ट्रीय टर्मिनल उघडलें. प्रवास मध्यमवर्गाच्या आंवाक्यांत आला, ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. परंतु १९७८ सालीं अमेरिकेनें भाड्यांवरील सरकारी नियंत्रण काढून घेतलें, हळूहळू इतर देशांतही चढाओढ वाढली, आणि ती चढाओढ खुर्च्यांच्या रांगांवर येऊन थांबली. त्यामागचा हिशेब अगदीं सोपा आहे. तीस रांगांमधून प्रत्येकीं तीन इंच काढले कीं नव्वद इंच हातीं येतात. तेवढ्यांत जवळजवळ तीन नव्या रांगा बसतात. रांगेला नऊ खुर्च्या धरल्या तर फेरीला पंचवीसांवर जास्त तिकिटें झालीं. गुडघ्यांचें दुःख ह्या हिशेबाच्या वहींत कोणत्याही रकान्यांत येत नाहीं.

आतां ज्या जागेसाठीं लोक जास्त पैसे मोजतात, त्या संकटकाळच्या दाराजवळील रांगेची जन्मकथा ऐका. २२ ऑगस्ट १९८५ रोजीं इंग्लंडांत मँचेस्टरच्या धांवपट्टीवर उड्डाणाच्या तयारींत असलेल्या एका बोइंग ७३७ ला आग लागली. विमान जमिनीवरच होतें; तरीही ५५ माणसें मेलीं, आणि त्यांतील बहुतेक धुरानें गुदमरून. पंखावरील दारापाशीं खुर्च्यांमधील वाट अरुंद होती, व दार उघडावयास वेळ लागला. ह्या दुर्घटनेनंतर ब्रिटनच्या विमानखात्यानें पंखावरील दाराजवळची वाट रुंद ठेवण्याचा नियम केला. १९८९ सालीं त्याच खात्यानें साध्या खुर्चीसाठींही किमान माप ठरविलें: पाठीच्या गादीपासून पुढल्या खुर्चीच्या पाठीपर्यंत २६ इंच. दोन्ही नियमांचा हेतु एकच, कीं माणसांना झटपट बाहेर पडतां यावें. ती रुंद वाट पळून जाण्यासाठीं राखलेली आहे. पाय लांब करावयास ती सोयीची पडते, हा केवळ योगायोग.

योगायोगालाही किंमत लावतां येते, हें व्यापाऱ्यांच्या लवकरच ध्यानांत आलें. १९९९ सालीं युनायटेड ह्या अमेरिकन कंपनीनें साध्या वर्गांतल्याच पुढल्या कांहीं रांगांचें अंतर वाढवून त्यांना वेगळें नांव दिलें. आपल्याकडे २०१३ सालीं सरकारनें कंपन्यांना पसंतीच्या जागेसाठीं निराळा आकार घेण्याची मुभा दिली. जें एके काळीं तिकिटांतच येत असे, तें कापून वेगळें विकावयास ठेवलें गेलें.

ह्या व्यवहाराची खरी झळ कोणाला लागते? मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथील असंख्य घरांतील मुलें आज न्यू जर्सींत किंवा कॅलिफोर्नियांत आहेत, आणि त्यांचे आईवडील नातवंडांच्या ओढीनें सत्तरीच्या घरांत हा प्रवास करितात. १ ऑगस्ट २००७ रोजीं एअर इंडियानें मुंबईहून न्यूयॉर्कला वाटेंत न थांबतां जाणारें विमान सुरू केलें. तो प्रवास सुमारें १६ तासांचा. मुलगा मायेनें आईसाठीं दाराजवळची खुर्ची पैसे भरून राखतो, आणि सहारला तिकीट तपासणारा कर्मचारी ती नम्रपणें बदलून देतो. कारण त्या जागीं बसणाऱ्याला जड दार उघडतां आलें पाहिजे, सूचना कळल्या पाहिजेत, आणि त्याचें वय सामान्यतः पंधरा वर्षांहून कमी नसावें. चाकाच्या खुर्चीची मागणी ज्यानें केली आहे, त्याला ती जागा मिळत नाहीं. नियम योग्यच आहे. धुरांत इतरांचे प्राण त्यावर अवलंबून असतात. परंतु परिणाम असा कीं, ज्या गुडघ्यांना जागेची सर्वांत अधिक गरज, त्यांना ती पैसे देऊनही मिळत नाहीं. मिळते ती धडधाकट तरुणाला.

हा प्रश्न केवळ आरामाचा नाहीं. १९४० सालीं लंडनवर बाँब पडत असतां लोक आसऱ्याच्या जागीं रात्ररात्र घडीच्या खुर्च्यांत बसून काढीत. त्यांतील कांहींना पायांत रक्ताची गुठळी होऊन अकस्मात् मृत्यु आला, आणि कीथ सिम्प्सन ह्या वैद्यांनीं त्याचें कारण त्या बसण्यांत शोधलें. विमानांतील माणसांतही हाच विकार पुढें आढळला. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें चार तासांहून अधिक प्रवासानें हा धोका दोन-तीन पटींनीं वाढतो. तरीही निरोगी माणसाला तो सहा हजारांत एक एवढाच असतो. मोटार, बस, आगगाडी ह्यांतही तो आहेच, कारण मूळ दोष हालचाल न करतां बसून राहण्याचा. ह्या संशोधनांत आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती मला फार बोलकी वाटते. धोका फार उंच माणसांना अधिक, तसाच १६० सेंटिमीटरांहून, म्हणजे सुमारें सव्वापांच फुटांहून, बुटक्या माणसांनाही अधिक. त्यांचे पाय जमिनीला नीट टेकत नाहींत, आणि खुर्चीची कड गुडघ्यामागें रुतते. आपल्या घरांतील किती आया आणि आज्या ह्या मापांत बसतात, हें ज्यानें त्यानें पाहावें. त्यांना पुढें आणखी पांच इंच मोकळे करून दिले तरी खालीं लोंबणाऱ्या पावलांना आधार मिळत नाहीं.

तेव्हां वडीलधाऱ्या मंडळींसाठीं तिकीट काढणाऱ्यानें प्रथम मधल्या वाटेकडील खुर्ची पाहावी. तेथून शेजाऱ्याला न उठवतां तासा-दीड तासानें उठून फेरी मारतां येते, आणि पाय क्षणभर वाटेकडे वळवतां येतो. आडभिंतीमागची पहिली रांग मोहक दिसते. परंतु तेथें पाय भिंतीला अडतात, उड्डाणाच्या वेळीं पिशवी जवळ ठेवतां येत नाहीं, आणि तान्ह्या मुलांचे पाळणे तेथेंच टांगले जातात. ज्यांना पूर्वीं गुठळीचा विकार झाला आहे किंवा ज्यांच्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनीं घट्ट मोजे अगर औषध ह्याविषयीं आपल्या डॉक्टरांना आधीं विचारावें. आणि ज्या आजीबाईंचे पाय जमिनीला टेकत नाहींत, त्यांच्यासाठीं विमान उडून स्थिर झाल्यावर हातांतली लहानशी मऊ पिशवी पावलांखालीं सरकवून द्यावी. तिला वेगळा आकार पडत नाहीं.