ग्रेट प्लेन्समधील वेल्श होमस्टेड कुटुंबे

ग्रेट प्लेन्समधील वेल्श होमस्टेड कुटुंबे म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेल्समधून किंवा पूर्व अमेरिकेतील जुन्या वेल्श वसाहतींमधून कॅन्सस, नेब्रास्का आणि डकोटा या गवताळ प्रदेशांत स्थायिक झालेली शेतकरी कुटुंबे होत. अमेरिकेत गेलेल्या वेल्श लोकांपैकी बहुसंख्य लोक पेनसिल्व्हेनियातील कोळसा खाणींत, लोखंड कारखान्यांत आणि व्हरमाँट व न्यू यॉर्कमधील पाटीच्या दगडाच्या खाणींत कामाला गेले. शेतीसाठी पश्चिमेकडे जाणारा गट त्यामानाने लहान होता. मात्र प्रार्थनागृह, मातृभाषा आणि गायन यांच्या आधारे त्याने एक-दोन पिढ्या आपली वेगळी ओळख टिकवली. या कुटुंबांचा इतिहास आज मुख्यतः जमिनीची कागदपत्रे, जनगणनेच्या नोंदी, प्रार्थनागृहांची दप्तरे आणि थडग्यांवरील लेख यांतून उलगडतो.

स्थलांतराची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण वेल्समध्ये बहुतेक शेतकरी कुळे होते. जमीनदार प्रायः इंग्रजी बोलणारे व राज्यमान्य अँग्लिकन चर्चचे अनुयायी, तर कुळे वेल्श बोलणारी आणि कॅल्विनवादी मेथडिस्ट, काँग्रिगेशनल किंवा बॅप्टिस्ट पंथाची असत. आपण ज्या चर्चमध्ये जात नाही त्याला धर्मपट्टी द्यावी लागे, याचा कुळांमध्ये रोष होता. इ.स. १८६८च्या निवडणुकीत जमीनदारांच्या इच्छेविरुद्ध मतदान केल्याबद्दल कार्डिगनशायर व कारमार्थनशायर येथील काही कुळांना शेतातून काढून टाकण्यात आले. त्या काळी मतदान गुप्त नव्हते. अशा परिस्थितीत स्वतःच्या मालकीची जमीन हे वेल्श कुटुंबांसाठी केवळ आर्थिक आकर्षण नव्हते. ज्या जमिनीवरून कोणी हुसकावू शकणार नाही, अशी ती जमीन होती.

होमस्टेड कायदा

राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. कुटुंबप्रमुख किंवा वयाची २१ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती १६० एकरांपर्यंत (सुमारे ६५ हेक्टर) सरकारी जमिनीवर दावा नोंदवू शकत असे. पाच वर्षे तेथे राहून, घर बांधून व जमीन कसून दाखवल्यावर अल्प शुल्कात मालकीपत्र मिळे. सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर भरून जमीन लवकर विकत घेण्याचीही मुभा होती.

परदेशी व्यक्तीला दाव्याआधी अमेरिकी नागरिक होण्याचा इरादा जाहीर करावा लागे आणि मालकीपत्र मिळण्यापूर्वी नागरिकत्व पूर्ण करावे लागे. यात ब्रिटनच्या राणीवरील निष्ठेचा त्याग लेखी नोंदवला जाई. अविवाहित, विधवा व घटस्फोटित स्त्रियांना स्वतःच्या नावावर दावा करता येई. विवाहित स्त्रीला मात्र सर्वसाधारणपणे तो अधिकार नव्हता. दावेदाराचा मृत्यू झाल्यास विधवेला उरलेली मुदत पूर्ण करून जमीन आपल्या नावावर करता येई. त्यामुळे अनेक कुटुंबांच्या मालकीपत्रांवर स्त्रीचे नाव आढळते.

वेल्श कुटुंबांची सर्वच जमीन होमस्टेड कायद्याने मिळालेली नव्हती. रेल्वे कंपन्यांना अनुदान म्हणून मिळालेली जमीन त्या हप्त्यांवर विकत असत आणि अनेकांनी ती घेतली. कौटुंबिक आठवणींत मात्र असे सर्व पूर्वज सरसकट ‘होमस्टेडर’ म्हणून ओळखले जातात.

प्रमुख वसाहती

कॅन्सस राज्यातील ओसेज काउंटीत इ.स. १८६९ मध्ये आर्व्होनिया ही वसाहत स्थापन झाली. तिचे एक प्रवर्तक जे. मॅथर जोन्स हे न्यू यॉर्क राज्यातील उटिका येथून निघणाऱ्या ‘अ द्रीख’ (अर्थ : आरसा) या वेल्श वृत्तपत्राचे मालक होते. वसाहतीचे नाव वायव्य वेल्समधील आर्व्हॉन या प्रदेशावरून ठेवण्यात आले. इ.स. १८७० मध्ये राइली काउंटीत बाला ही दुसरी वसाहत उभी राहिली. तिचे नाव वेल्समधील बाला या गावाचे आहे. लायन काउंटीतील एम्पोरिया शहरातही मोठा वेल्श समाज होता.

नेब्रास्कात गेज काउंटीतील वायमोर, वेन काउंटीतील कॅरल आणि प्लॅट काउंटीचा काही भाग येथे वेल्श वस्ती झाली. दक्षिण डकोटात एडमंड्स काउंटीतील पॉवेलच्या परिसरात वेल्श शेतकरी स्थिरावले.

अनेक कुटुंबांचे स्थलांतर एका टप्प्यात झाले नाही. आई-वडील वेल्समध्ये जन्मलेले, थोरली मुले ओहायो, विस्कॉन्सिन किंवा पेनसिल्व्हेनियात आणि धाकटी कॅन्सस वा नेब्रास्कात जन्मलेली, असा क्रम जनगणनेच्या नोंदींत वारंवार दिसतो. मुलांची जन्मस्थळे ओळीने वाचली तरी कुटुंबाचा प्रवासमार्ग समजतो.

मूळ रहिवाशांचे विस्थापन

ही जमीन रिकामी नव्हती. ओसेज काउंटीच्या परिसरात सॉक व फॉक्स जमातींची राखीव भूमी होती, इ.स. १८६७च्या करारानंतर त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले. कॉ किंवा कान्सा जमात, जिच्यावरून राज्याला नाव मिळाले, इ.स. १८७३ मध्ये तेथेच पाठवली गेली. गेज काउंटीच्या दक्षिणेस बिग ब्लू नदीकाठी ओटो-मिसुरिया जमातीची राखीव भूमी होती. तिची विक्री झाली आणि इ.स. १८८१ मध्ये उरलेले लोक दक्षिणेकडे गेले. त्याच वर्षी वायमोर शहर वसले. घरातून काढल्या जाण्याची भीती अनुभवलेल्या कुळांना मिळालेली जमीन अशा प्रकारे दुसऱ्यांच्या विस्थापनातून मोकळी झाली होती.

दैनंदिन जीवन

गवताळ प्रदेशात लाकूड दुर्मीळ असल्याने अनेक कुटुंबांची पहिली घरे गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेल्या मातीच्या ढेपांची असत. जाड भिंतींमुळे ती उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात उबदार राहत, पण पावसात छत गळे. सरपण म्हणून गव्यांच्या वा गुरांच्या वाळलेल्या शेणाचा व मक्याच्या कणसांच्या बुरकुंडांचा उपयोग होई. डोंगराळ व पावसाळी वेल्समध्ये मेंढ्या-गुरे पाळणाऱ्यांना येथे मका व गहू यांची कोरडवाहू शेती नव्याने शिकावी लागली.

इ.स. १८७४ मध्ये टोळांच्या प्रचंड धाडींनी कॅन्सस व नेब्रास्कातील पिके नष्ट केली. १२ जानेवारी १८८८ रोजी आलेल्या अचानक हिमवादळात शाळेतून परतणाऱ्या मुलांसह अनेकांचा बळी गेला. इ.स. १८९०च्या दशकातील दुष्काळ व मंदीत अनेकांनी कर्जापायी जमीन गमावली किंवा ती विकून शहर गाठले.

धर्म, भाषा आणि संस्कृती

वसाहतीचा केंद्रबिंदू प्रार्थनागृह असे. बहुतेक ठिकाणी ते कॅल्विनवादी मेथडिस्ट पंथाचे होते. रविवारच्या शाळेत मुलांबरोबर प्रौढही वेल्श बायबल वाचत. त्यामुळे अमेरिकेत जन्मलेल्या पिढीलाही वेल्श वाचता येई. काव्य व गायनाच्या स्पर्धांचा उत्सव ‘आइस्टेद्वॉद’ आणि चार स्वरांत सामुदायिक स्तोत्रगायनाचा मेळावा ‘गमान्वा गानी’ यांमुळे दूरदूरच्या शेतांवरील कुटुंबे एकत्र येत.

भाषा मात्र टिकली नाही. शाळा, बाजार व न्यायालय यांची भाषा इंग्रजी होती आणि तिसऱ्या पिढीत लग्ने समाजाबाहेर होऊ लागली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रार्थनागृहांतील प्रवचने इंग्रजीत होत गेली, इ.स. १९२० मध्ये अमेरिकेतील कॅल्विनवादी मेथडिस्ट चर्च प्रेसबिटेरियन चर्चमध्ये विलीन झाले. हा धोका वेल्श नेत्यांनी आधीच ओळखला होता. ओहायोतील वेल्श लोक इंग्रजीत मिसळून जाताना पाहिलेल्या मायकेल डी. जोन्स यांनी भाषेच्या रक्षणासाठी अमेरिकेऐवजी अर्जेंटिनातील पॅटागोनियात वसाहत काढण्याचा पुरस्कार केला, ती इ.स. १८६५ मध्ये स्थापन झाली. तेथे आजही वेल्श बोलली जाते. ग्रेट प्लेन्सवर स्तोत्रगायनाची परंपरा भाषेपेक्षा अधिक काळ टिकली.

कौटुंबिक इतिहासाची साधने

वेल्श वंशावळींतील मुख्य अडचण नावांची आहे. पूर्वी वेल्समध्ये स्थिर आडनाव नसे. वडिलांचे नाव ‘आप’ (चा मुलगा) या शब्दाने जोडले जाई. पुढे आडनावे स्थिर झाली तेव्हा ती थोड्याच बाप्तिस्मानामांवरून पडली. परिणामी जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स व रॉबर्ट्स ही आडनावे इतकी पसरली की एकाच वसाहतीत एकाच नावाच्या अनेक व्यक्ती आढळतात. त्यांना शेताच्या, गावाच्या किंवा व्यवसायाच्या नावाने ओळखले जाई. म्हणून केवळ नावावरून पूर्वज निश्चित करता येत नाही. वेल्समधील पॅरिश किंवा शेताचे नाव माहीत असणे आवश्यक ठरते.

यासाठी पुढील साधने उपयोगी पडतात :

• होमस्टेडच्या संचिका : अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असलेल्या या संचिकांत घराचे वर्णन, कसलेली जमीन, पिके, कुटुंबीयांची माहिती, शेजारी साक्षीदारांच्या जबान्या व नागरिकत्वाची कागदपत्रे असतात. दावा सोडून दिलेल्यांच्याही संचिका आढळतात.
• जनगणना : इ.स. १८९०च्या राष्ट्रीय जनगणनेच्या बहुतेक नोंदी इ.स. १९२१च्या आगीमुळे नष्ट झाल्या. ही उणीव नेब्रास्का व डकोटाच्या इ.स. १८८५च्या आणि कॅन्ससच्या इ.स. १८८५ व १८९५च्या जनगणनांनी काही अंशी भरून निघते. इ.स. १९०० मध्ये स्थलांतराचे वर्ष, तर इ.स. १९१० मध्ये मातृभाषा नोंदवली गेली.
• थडगी व मृत्युलेख : थडग्यांवरील वेल्श लेखांत अनेकदा मूळ गावाचा उल्लेख असतो. ‘अ द्रीख’सारख्या वृत्तपत्रांतील मृत्युलेखांतूनही जन्मस्थान व नातेवाईक समजतात.
• वेल्समधील नोंदी : तेथे जन्म-मृत्यूची नागरी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्यापूर्वीसाठी पॅरिश व प्रार्थनागृहांची दप्तरे पाहावी लागतात. अॅबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्यांचा मोठा संग्रह आहे.

वारसा

वायमोर येथे ग्रेट प्लेन्समधील वेल्श वारशाला वाहिलेले संग्रहालय व अभिलेखागार आहे. त्याच गेज काउंटीत, बीट्रिस शहराजवळ, डॅनियल फ्रीमन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी नोंदवलेल्या दाव्याच्या जागेवर होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. आर्व्होनिया आता अगदी लहान वस्ती उरली आहे. अनेक ठिकाणी प्रार्थनागृह बंद झाल्यावर केवळ दफनभूमी शिल्लक असून, तेथील वेल्श लेख वंशजांपैकी बहुतेकांना भाषांतराविना वाचता येत नाहीत.

हेही पहा

• होमस्टेड कायदा
• वेल्श भाषा
• पॅटागोनियातील वेल्श वसाहत
• ग्रेट प्लेन्स