जखम पाहून दिलेले होन

कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें लिहिलेल्या बखरींत 1659 च्या अफजलखानप्रसंगानंतरची एक नोंद आहे. लढाईंत पडलेल्यांच्या पुत्रांचें चालविलें, पुत्र नसल्यास स्त्रियांस निमें वेतन दिलें, आणि जखमींस जखम पाहून दर असामीस 25, 50, 100 किंवा 200 होन दिले, असें ती सांगते. बखर प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनीं लिहिलेली असल्यानें आंकडे जपूनच घ्यावे. परंतु पद्धति विचारणीय आहे.

विधवेचें वेतन काळाबरोबर चालतें; तेथें अदमास नको. जखमेची रक्कम एकदांच ठरविणाऱ्यास मात्र ती केव्हां भरेल, पुनः चिघळेल काय, औषधास किती लागेल, हें त्याच दिवशीं ताडावें लागतें.

हीच अडचण पुढें कारखान्यांत आली. 1923 च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यानें उजवा हात कोपरापासून गेल्यास शेंकडा 70, एक डोळा गेल्यास 30, अंगठा गेल्यास 25 इतकी कमाईची शक्ति गेली असें ठरविलें. औषधोपचाराचा खर्च त्या यादींत नव्हता. तो 2009 च्या दुरुस्तीनें आला, तोहि प्रत्यक्ष झालेल्या खर्चापुरता.

एकदां होन दिल्यावर सरकार मोकळें झालें काय, हा आमचा प्रश्न आहे. एकाच जखमी असामीचें नांव पुढील सालच्या औषधखर्चांत पुनः आढळल्यास, संग्राहकांनीं ती याद अवश्य प्रसिद्ध करावी, अशी आमची विनंति आहे.