पदरांमधली जागा

शोजी यामानाका हे चिकणमातीचे रसायनज्ञ. मातीच्या पदरांत ऑक्साइडचे इवलेसे खांब उभे करायचे, म्हणजे पदर मिटत नाहीत आणि आत रेणूंना वावरायला जागा राहते, हे त्यांचं हिरोशिमा विद्यापीठातलं काम. घनपदार्थांचं रसायन शिकवताना अतिसंवाहकतेकडे मी याच वाटेने जात असे. यामानाकांना पुढे अशाच पदरांच्या एका पदार्थात अतिसंवाहकता सापडली, आणि हा शोध मला हातांच्या कसबाचा वाटतो.

पदरांत परके अणू घालणं तेव्हा नवं नव्हतं. १९६५ साली बेल प्रयोगशाळेत ग्राफाइटमध्ये पोटॅशियम घालून अतिसंवाहकता मिळाली होती, पण १ केल्विनच्याही खाली. १९७० साली गॅम्बल, गेबल आणि सहकाऱ्यांनी टँटलम डायसल्फाइडमध्ये पिरिडिन घातलं आणि अतिसंवाहकता सुरू होण्याच्या तापमानाचा ०.८ केल्विनचा आकडा ३.५ वर गेला. पुढे ऑक्टाडेसिलअमाइनच्या लांबलचक रेणूंनी पदर ५० अँगस्ट्रॉमहून दूर लोटले, तरी अतिसंवाहकता टिकली! पदर एकेकटेही पुरेसे आहेत, हे तिथे दिसलं.

यामानाकांनी घेतलं ते झिर्कोनियम नायट्राइड क्लोराइड. पिवळसर हिरवी पूड, वीज न वाहणारी. ती ब्यूटिल लिथियमच्या द्रावणात टाकली की काळी पडते. हे द्रावण हवेत पेट घेऊ शकतं, म्हणून आमच्याकडे त्याची बाटली आर्गॉन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्येच उघडायची. विद्यार्थ्यांना मी सांगायचो, रंगाकडे बघा, इलेक्ट्रॉन आत शिरल्याची ती खूण आहे. लिथियम समोरासमोरच्या क्लोरिनच्या थरांमध्ये बसतं आणि आपला इलेक्ट्रॉन झिर्कोनियम-नायट्रोजनच्या जाळीला देऊन टाकतं.

१९९६ साली या काळ्या पुडीत १३ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता सापडली. १९९८ साली झिर्कोनियमच्या जागी हाफ्नियम आलं, लिथियमच्या सोबतीला टेट्राहायड्रोफ्युरानचे रेणू गेले, पदर फाकले, आणि आकडा २५.५ झाला. तांब्याच्या ऑक्साइडांनी तोवर १०० केल्विन कधीच ओलांडले होते, त्यामुळे फारसा गाजावाजा झाला नाही. मला मात्र तो आकडा थोर वाटतो. या पदार्थात तांबं नाही, ऑक्साइडची जाळी नाही, आणि मुळात तो विद्युतरोधक!

२००६ साली सेंदाईत भौतिकशास्त्रज्ञ इवासा यांच्या गटाने झिर्कोनियमच्या संयुगात लिथियम कमी कमी करत नेलं. तापमान घसरायच्या ऐवजी १५ केल्विनपर्यंत चढलं, आणि आणखी थोडं लिथियम काढताच अतिसंवाहकता एकदम नाहीशी झाली. २०१० साली त्यांनी लिथियम वगळलंच. आयनी द्रवातून विद्युतक्षेत्र लावून इलेक्ट्रॉन पृष्ठभागाशी ओढले, आणि तिथेही १५ केल्विनच मिळाले. इतके थोडे इलेक्ट्रॉन इतक्या वरच्या तापमानाला अतिसंवाहकतेसाठी लागणाऱ्या जोड्या कशा बांधतात, यावर भौतिकशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.