शांत वॉर्ड

१९५२ सालच्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये डॉक्टर आणि परिचारिकांसमोर एक मूकपट दाखवण्यात आला. जेम्स रॉबर्टसन यांनी स्वतःच चित्रित केलेल्या 'अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल' या चित्रपटात फारसे काही घडत नाही. अडीच वर्षांची लॉरा हर्नियाच्या लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते आणि घरी जाते. तरीही सभागृह खवळले. हे मूल निवडून घेतलेले आहे, ही आमच्या व्यवसायाची बदनामी आहे, असे आरोप झाले. त्यांची कल्पना रॉबर्टसन यांना आधीच असावी, कारण रोज ठरावीक वेळीच चित्रण करायचे आणि भिंतीवरचे घड्याळ चौकटीत ठेवायचे ही दक्षता त्यांनी घेतली होती. कथनाची विश्वसनीयता हा विषय आम्ही वर्गात शिकवतो, तेव्हा हे घड्याळ हटकून आठवते.

त्या संतापाचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८५२ साली डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचे बालरुग्णालय सुरू केले. खाटा अवघ्या दहा. १८५८ मध्ये डिकन्स यांनी भाषण करून आणि स्वतःच्या कथेचे जाहीर वाचन करून या रुग्णालयासाठी निधी उभा केला. गरिबाचे कोंदट घर हेच रोगाचे माहेर, ही त्या काळची समजूत होती, आणि ती सर्वस्वी चुकीची होती असे म्हणता येणार नाही. मुलाला त्या घरातून उचलून स्वच्छ बिछान्यावर ठेवणे हा उपकारच वाटत होता. पण घर मागे टाकताना घरची माणसेही मागे पडली. पुढे १९२९ साली बॅरी यांनी 'पीटर पॅन'चे हक्क याच रुग्णालयाला दिले. घरी परतलेल्या पीटरला खिडकी बंद आढळते, हे वाचकांना आठवत असेलच. त्या काळच्या इंग्लंडमधील बालवॉर्डांत मात्र बंद दाराबाहेर आई उभी असे.

१९४०च्या दशकाअखेरीसही लंडनमधील काही रुग्णालयांत आईबापांना केवळ रविवारी तास-दोन तास भेट मिळे. काही ठिकाणी मुलाला आडपडद्यातूनच पाहावे लागे, तर कुठे मूल झोपल्यावरच दर्शन होई. यामागे दोन कारणे सांगितली जात. एक संसर्गाचे. दुसरे आम्हाला अधिक बोलके वाटते: आई येऊन गेली की मुले रडतात; न आल्यास दोन-तीन दिवसांत ती 'रुळतात'.

सगळा वाद या 'रुळण्या'चा होता. रॉबर्टसन १९४८ पासून जॉन बोल्बी यांच्याबरोबर टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करत होते. वॉर्डात तासन्‌तास बसून त्यांनी तीन अवस्था नोंदवल्या: आधी आक्रोश, मग हताशा आणि शेवटी नकार. तिसऱ्या अवस्थेतील मूल हसते, खाते, कुणाच्याही कडेवर जाते. आई आली की मात्र तोंड फिरवते. परिचारिकेच्या लेखी हे बरे होण्याचे लक्षण होते, तर रॉबर्टसन यांच्या लेखी दुःख आत दडपल्याचे. संहिता एकच, वाचने दोन. शिवाय पहिले वाचन करणारी माणसे निष्ठुर नव्हती. वॉर्ड शांत ठेवणे हेच त्यांच्या शिकवणीत चांगल्या शुश्रूषेचे लक्षण होते. मूल घरी परतल्यावर रात्री दचकून उठते, आईचा पदर सोडत नाही, हे वाचनाचे उरलेले पान फक्त घरच्यांकडे होते, आणि त्यांना विचारण्याची रीत नव्हती.

संसर्गाच्या मुद्द्याचे उत्तर खरे तर आधीच मिळाले होते. न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स १९२०च्या दशकापासूनच आयांना तान्ह्या बाळांसोबत ठेवून घेत. न्यूझीलंडमध्ये पिकरिल दांपत्याने १९४२ साली लोअर हट येथे छोटे रुग्णालय काढले. तिथे शस्त्रक्रिया झालेल्या बाळाची शुश्रूषा आईच करी, आणि तीही संसर्ग टळावा म्हणूनच! दहा हातांपेक्षा दोन हात बरे, हा साधा हिशेब.

चित्रपट पाहून प्रथम चिडलेल्यांत ॲमर्शमचे डॉ. डर्मॉड मॅकार्थी होते. पण वॉर्डात परतल्यावर रोजचेच रडणे त्यांना निराळे ऐकू येऊ लागले. त्यांनी आयांना मुलांजवळ राहू दिले, आणि १९५८ चा रॉबर्टसन यांचा दुसरा चित्रपट त्यांच्याच वॉर्डात तयार झाला. पुढच्याच वर्षी सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने भेटींवरील निर्बंध उठवावेत आणि लहान मुलांच्या आयांची राहण्याची सोय करावी अशी शिफारस केली. शिफारस कागदावर राहण्याची चिन्हे दिसताच १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातील काही आयांनी संघटना उभारली. पालकांच्या पत्रांचे रॉबर्टसन यांनी संपादित केलेले पुस्तक १९६२ चे. आमच्या मते या इतिहासातला खरा वळणबिंदू अहवाल नसून ही पत्रे आहेत, कारण त्यांत पालक प्रथमच साक्षीदार म्हणून बोलतात.

मात्र खाटेजवळ बसू देणे वेगळे आणि कारभाराविषयी प्रश्न विचारू देणे वेगळे. ब्रिस्टलमध्ये मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यूंचे प्रमाण अधिक असल्याचे बाहेर आले. मुले गमावलेल्या पालकांनी चिकाटी सोडली नाही. इयन केनेडी यांच्या चौकशी समितीचा अहवाल २००१ साली आला. १९९१ ते १९९५ या काळात अपेक्षेपेक्षा सुमारे ३० ते ३५ बालके अधिक दगावल्याचा त्यातील अंदाज आजही अस्वस्थ करतो. पालकांना सत्य सांगावे, निर्णयांत सामील करून घ्यावे, हे त्यात स्पष्टपणे आले.

आपल्याकडे चित्र उलटे दिसते. सरकारी रुग्णालयात खाटेखाली सतरंजी टाकून आई असतेच. अंग पुसणे, भरवणे, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन धावणे हे सारे घरच्यांवरच. या श्रमांना कुणी सहभाग म्हणत नाही, हा भाग वेगळा. पण नवजात अतिदक्षता कक्षाची काच इथेही बंदच असे. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात डॉ. आरती मारिया आणि सहकाऱ्यांनी आईवडिलांना आत घेतले. हात धुणे, दूध पाजणे, बाळाला छातीशी धरणे, धोक्याची लक्षणे ओळखणे त्यांना शिकवले. या अनुभवाच्या आधारे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली कुटुंब-सहभागी शुश्रूषेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत आईबरोबर बापालाही काचेच्या आत जागा आहे.